व्यवसायस्थळ पडताळणीचं फ्रीलान्स काम, ठाणे–नवी मुंबई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँक, फायनान्स कंपनी किंवा पेमेंट कंपनीसाठी दुकान, गाळा, ऑफिस, गोदाम प्रत्यक्ष बघून रिपोर्ट द्यायचा, हे काम दर केसमागे पैसे घेऊन करणाऱ्यांकडून आणि करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर.

१. हे काम नेमकं काय असतं? आपण कर्ज मंजूर करतो का?

नाही, मंजुरीशी तुमचा संबंध नाही. कोणीतरी चालू खातं, व्यवसाय कर्ज, कार्ड स्वाइप मशीन किंवा क्यूआर कोडसाठी अर्ज केलेला असतो आणि अर्जात धंद्याचा पत्ता दिलेला असतो. त्या पत्त्यावर तो धंदा खरोखर आहे का, चालू आहे का आणि सांगितलेलाच आहे का, एवढं बघून यायचं. बँकेच्या भाषेत याला सीपीव्ही (कॉन्टॅक्ट पॉइंट व्हेरिफिकेशन) किंवा एफआय (फील्ड इन्व्हेस्टिगेशन) म्हणतात. घराची भेट वेगळी आणि धंद्याची वेगळी. हे पान धंद्याच्या भेटीबद्दल आहे.

बँका हे हौसेने करत नाहीत. एकट्या मालकीच्या धंद्याचं खातं उघडताना धंद्याचे दोन पुरावे घ्यावेत, दोन मिळणं शक्य नसेल तर एकावर भागवता येईल, पण मग जागेची प्रत्यक्ष पडताळणी करावी, असं रिझर्व्ह बँकेचे केवायसी निर्देश सांगतात. त्यामुळे छोट्या दुकानदारांच्या केसेस नेहमीच येत राहतात.

२. शिक्षण किती लागतं? डीआरएची परीक्षा द्यावी लागते का?

डीआरए प्रमाणपत्र वसुली करणाऱ्यांसाठी असतं, पडताळणीसाठी त्याची गरज नाही. बहुतेक एजन्सी (बँकेकडून हे काम घेऊन तुम्हाला देणाऱ्या कंपन्या) बारावी किंवा पदवी, दुचाकी, लायसन्स, पॅन, बँक खातं आणि पोलिसांकडचं चारित्र्य प्रमाणपत्र मागतात. चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज तुम्ही जिथे राहता त्या आयुक्तालयात जातो. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत. कळव्यात राहून ऐरोलीत काम करणार असाल तरी अर्ज ठाण्यालाच.

मराठी-हिंदी बोलता येणं आणि इंग्रजीत चार साधी वाक्यं बिनचूक टाइप करता येणं, कामाला खरं तर एवढं पुरतं.

३. आयडी कार्ड आणि किटसाठी पैसे मागतात. भरायचे का?

नाही. ‘परत मिळणारं डिपॉझिट’ म्हटलं तरी नाही. काम देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही. एजन्सीचं लेटरहेडवरचं अधिकारपत्र आणि फोटो ओळखपत्र हातात आल्याशिवाय पहिली केसही घेऊ नका. त्या कागदाविना दुकानदाराने तुम्हाला हुसकावलं तर चूक त्याची नसते.

४. एका भेटीत काय काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने?

निघण्याआधी केसमधला पत्ता, जीएसटी क्रमांक आणि धंद्याचा प्रकार वाचून घ्या. जीएसटी क्रमांक १५ अंकी-अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढचे दहा म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं: पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी फर्म, सी म्हणजे कंपनी. अर्जात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि पॅनमध्ये पी असेल, तर तिथे गेल्यावर काय विचारायचं ते घरीच ठरतं.

पोहोचल्यावर आधी बाहेरचं बघा, मग आत जा. रस्त्यासह दर्शनी भाग, नावाची पाटी जवळून, दार, आतून दोन बाजूंनी, माल किंवा मशीन, भिंतीवरचं जीएसटी प्रमाणपत्र आणि विजेचं मीटर असे साधारण आठ फोटो लागतात. नियमाने जीएसटी प्रमाणपत्र दर्शनी जागी लावलेलं आणि क्रमांक प्रवेशाजवळच्या पाटीवर लिहिलेला हवा. खाण्याच्या धंद्यात एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही बघा. मीटरचा नंबर वीजबिलावरच्या नंबराशी ताडून बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि शेजारच्याच गाळ्यात उभं राहून ‘हाच आमचा’ म्हणणारे त्यातच सापडतात.

मग भेटलेल्या माणसाचं नाव आणि धंद्याशी नातं, जागा स्वतःची की भाड्याची, किती वर्षं, कामावर किती माणसं आणि त्यातली प्रत्यक्ष किती दिसली, हे लिहून घ्या. ‘सांगितले सहा, दिसले दोन’ असे दोन्ही आकडे द्या. शेवटी शेजारचौकशी (प्रश्न १०). सरावाच्या हाताला एका दुकानाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, कारखान्याला पाऊण तास.

५. पत्ता सापडतच नाही. ‘अनट्रेसेबल’ टाकून मोकळं व्हायचं का?

इतक्यात नाही. या भागात पत्ता न सापडण्याची कारणं ठरलेली आहेत आणि बहुतेक वेळा चूक पत्त्यात नसून वाचण्यात असते.

नवी मुंबईत सेक्टर नंबरला नोडशिवाय, म्हणजे वाशी, नेरूळ अशा उपनगराच्या नावाशिवाय, अर्थ नाही. सेक्टर १९ वाशीत आहे, नेरूळला, कोपरखैरण्याला, ऐरोलीला आणि खारघरलाही आहे. अर्जात नुसतं ‘सेक्टर १९, नवी मुंबई’ असेल तर पिनकोड बघा: ४००७०३ वाशी, ४००७०६ नेरूळ, ४००७०८ ऐरोली, ४१०२१० खारघर. पिन ४१०ने सुरू होत असेल तर जागा पनवेलच्या बाजूची. खारघर, कामोठे, कळंबोली बोलताना नवी मुंबईत असले तरी जिल्हा रायगड आणि महापालिका पनवेलची. रिपोर्टात जिल्हा ‘ठाणे’ लिहिलात तर केस परत येते.

दुसरी गफलत एमआयडीसीची. ठाणे–बेलापूर रस्त्याच्या पश्चिमेला रेल्वे आणि राहण्याचे नोड, पूर्वेला डोंगराच्या पायथ्यापर्यंत टीटीसी औद्योगिक पट्टा. ‘रबाळे’ असं लिहिलेलं दोन्हीकडे असू शकतं. प्लॉटच्या आधी अक्षर असेल तर पूर्वेलाच वळा: आर म्हणजे साधारणपणे रबाळे, ईएल म्हणजे महापे, डी म्हणजे तुर्भे–शिरवणे–नेरूळची बाजू. पीएपी हा प्रकल्पग्रस्तांना दिलेल्या छोट्या प्लॉटचा गट. त्याचे क्रमांक सलग लागतीलच असं नाही, म्हणून चहाच्या टपरीवर विचारलेलं बरं, नकाशापेक्षा ते खात्रीचं. ठाण्यात वागळे इस्टेटला प्लॉट नंबर वेगळा आणि रोड नंबर वेगळा. ‘रोड नंबर १६’ला जाऊन प्लॉट १६ शोधणारे रोज दिसतात.

गावठाणात (गोठिवली, तळवली, घणसोली गाव, जुहूगाव, शिरवणे) घर नंबर ओळीने नसतात. तिथे इमारतीचं किंवा मूळ घरमालकाचं नाव विचारा, नंबर नको.

एवढं करूनही सापडलं नाही तर अर्जदाराला फोन करा, पण फक्त रस्ता विचारायला. कॉलची वेळ, ज्यांना विचारलं ती दोन ठिकाणं आणि शेवटी उभे होतात तिथला फोटो जोडा. मग ‘अनट्रेसेबल’ लिहिलेलं टिकतं. पत्ताच अपुरा असेल तर ‘शॉर्ट अ‍ॅड्रेस’ हा वेगळा शेरा आहे. दोन्हींची सरमिसळ नको.

६. दुकानाला कुलूप होतं. पुन्हा जायचे पैसे मिळतात का?

बहुतेक ठिकाणी नाही. म्हणून कुलूप टाळायला शिका. धंद्याची वेळ ओळखली तर अर्ध्याहून जास्त फेऱ्या वाचतील. वाशीच्या एपीएमसीत भाजीपाला बाजाराचा धंदा मध्यरात्रीनंतर सुरू होतो आणि सकाळी ओसरतो. दुपारी चारला गेलात तर शटर खाली दिसणारच, त्यात संशयास्पद काही नाही. धान्य आणि मसाला बाजार मात्र दिवसाचे. एपीएमसीत गाळा नंबरआधी कोणता बाजार आणि कोणती विंग ते विचारून घ्या, नाहीतर त्याच नंबराचा दुसराच गाळा सापडेल. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं गृहीत धरू नका. जेवणाची दुपारची सुट्टीही विसरू नका.

तरीही कुलूपच मिळालं तर पाटीसह कुलपाचा फोटो, वेळ, आणि दोन शेजाऱ्यांचं म्हणणं घ्या: दुकान आज बंद आहे की महिनाभर? कुलपावरची धूळ, दाराखाली सरकवलेली पत्रं, वीजबिलांचा गठ्ठा हे सगळं फोटोत येऊ द्या. ‘डोअर लॉक’ आणि ‘शिफ्टेड’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुकान दुसरीकडे हललंय असं शेजारी सांगत असतील तर कुठे ते विचारा, पण एजन्सीने सांगितल्याशिवाय नव्या जागेवर जाऊ नका. ती वेगळी केस होते आणि तिचे पैसे वेगळे.

७. पाटीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळत नाही. निगेटिव्ह (प्रतिकूल) रिपोर्ट द्यायचा का?

आधी न जुळण्याचा प्रकार ओळखा. महाराष्ट्रात पाटी मराठीत, देवनागरीत असणं बंधनकारक आहे, आणि कागद इंग्रजीत असतात. पाटीवरच्या ‘लक्ष्मी’चं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेने होतं. हा फरक नोंदवायचा, बाऊ करायचा नाही. दुसरं, एकट्या मालकाच्या जीएसटी प्रमाणपत्रावर कायदेशीर नाव म्हणजे त्या माणसाचं नाव असतं आणि दुकानाचं नाव ‘ट्रेड नेम’च्या रकान्यात. ती ओळ वाचलीच नाही म्हणून फुकट निगेटिव्ह गेलेल्या केसेस पुष्कळ.

खरी शंका घ्यायची ती पाटी कागदाची किंवा नुकतीच चिकटवलेली असेल आणि खाली जुनी पाटी दिसत असेल तेव्हा. जमेल तर दोन्ही पाट्या एकाच फोटोत घ्या आणि लिहा: ‘कागदी पाटी, खाली दुसऱ्या नावाची रंगवलेली पाटी’. ‘बनावट’ हा शब्द तुमचा नाही. तो निष्कर्ष बँकेला काढू द्या.

८. एजन्सीचं अ‍ॅप म्हणतं मी ३०० मीटर लांब आहे, पण मी तर दुकानातच उभा आहे!

गाळे, तळघरं आणि पत्र्याच्या शेड यांत उपग्रहाचा सिग्नल नीट येत नाही, मग फोन जवळच्या टॉवरवरून अंदाज बांधतो. आत शिरण्याआधी बाहेर मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर थांबा, ‘लोकेशन अ‍ॅक्युरसी’ची सेटिंग चालू ठेवा, वायफाय चालू ठेवा (जोडलेलं नसलं तरी चालतं) आणि पहिला फोटो बाहेरच्या पाटीचा काढा. बॅटरी सेव्हर बंद. फोनची वेळ आपोआप घेतली जाईल अशी ठेवा.

फोटो नेहमी अ‍ॅपच्या कॅमेऱ्यातूनच. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर त्यातली लोकेशनची माहिती निघून जाते. पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. खोटं लोकेशन दाखवणारं अ‍ॅप फोनमध्ये नुसतं सापडलं, वापरलेलं नसलं, तरी तुमचा आयडी बंद होऊ शकतो.

९. मालक फोटो काढू देत नाही.

जबरदस्ती नको. ओळखपत्र आणि अधिकारपत्र दाखवा आणि ‘तुम्ही केलेल्या अर्जासाठीच आलोय’ असं सांगा. कोणत्या बँकेचं, किती रकमेचं, हे नोकरांसमोर किंवा गिऱ्हाइकांसमोर बोलू नका. बहुतेकांचा नकार तिथूनच सुरू होतो. तरी नाही म्हटलं तर बाहेरचा फोटो घ्या आणि ‘आतील फोटोस नकार’ असं नकार देणाऱ्याच्या नावासह लिहा. दवाखान्यात रुग्ण, क्लासमध्ये मुलं, पार्लरमध्ये गिऱ्हाइकं फोटोत येता कामा नयेत. कोणी आधारची प्रत दिली तर पहिले आठ अंक झाकून फोटो घ्या. मूळ कागद कधीच सोबत न्यायचे नाहीत.

१०. शेजाऱ्यांना काय विचारायचं? त्यांना कळलं तर अर्जदार चिडतो.

‘हे दुकान कधीपासून आहे? कोण बसतं?’ एवढंच. कर्ज, बँक, हप्ता हे शब्द तोंडातून जाऊ नयेत. दोन वेगवेगळ्या दिशांचे शेजारी घ्या. एक चहावाला आणि एक वॉचमन असेल तर उत्तम. शेजारी नीट बोलले नाहीत तर ‘प्रतिसाद नाही’ लिहा, कल्पनेने भरू नका.

११. आयटी पार्कमध्ये गेटवरच अडवतात. आणि को-वर्किंगचा पत्ता असेल तर?

महापे किंवा ऐरोलीच्या मोठ्या पार्कमध्ये आधी वेळ ठरवल्याशिवाय व्हिजिटर पास मिळत नाही. आदल्या दिवशी फोन करून आतल्या माणसाचं नाव घ्या. आत कॅमेरा बंद ठेवायला सांगितलं तर रिसेप्शनवरच्या नावाच्या पाटीपुरती परवानगी मागा.

को-वर्किंग हे प्रकरण जास्त नाजूक. एकाच पत्त्यावर पन्नास कंपन्या असू शकतात आणि ते बेकायदा नाही. रिसेप्शनला विचारा: या कंपनीची ठरलेली टेबलं आहेत की फक्त टपाल येतं? करार कधीपर्यंतचा? आज कोणी आलंय का? ‘फक्त पत्त्याची सेवा, कर्मचारी बसत नाहीत, रिसेप्शनकडून कळले’ ही एक ओळ बँकेला दहा फोटोंपेक्षा जास्त सांगते.

१२. घरातूनच धंदा आहे. डबे, शिवणकाम, ऑनलाइन विक्री. पाटीच नाही!

पाटी नसणं इथे दोष नाही. धंद्याच्या खुणा बघा: शिलाई मशीन आणि कापलेलं कापड, पॅकिंगचं सामान, डब्यांची रांग, कुरिअरच्या पावत्या, फोनवरच्या ऑर्डरी. फोटो फक्त कामाच्या जागेचा, घराचा नाही. ताई एकट्या असतील तर दारातच उभं राहून बोला किंवा त्यांच्या सोयीची दुसरी वेळ घ्या. यात फेरी फुकट जाते खरी, पण तक्रार झाली तर सगळंच काम जातं.

१३. भिवंडीच्या गोदामाची केस आलीय. घ्यावी का?

दर हद्दीबाहेरचा, म्हणजे ओजीएलचा मिळणार असेल तर. तो आधी लेखी ठरवा. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे इथली गोदामं कंपाउंडच्या नावाने ओळखली जातात, सर्व्हे नंबरने नाही. केसमध्ये कंपाउंडचं नाव, इमारत आणि गाळा नसेल तर निघू नका. ऑनलाइन विक्रेत्यांचा माल बरेचदा दुसऱ्याच्या गोदामात असतो. तेव्हा त्यांच्या जीएसटी प्रमाणपत्राचं परिशिष्ट ‘ए’ बघा. जादा जागा तिथे नोंदलेल्या असतात. पत्ता तिथे असेल आणि गोदामवाला ‘यांचा माल आमच्याकडे येतो’ म्हणत असेल, तर पाटी नसूनही केस नीट आहे. येताना कशेळी–काल्हेर रस्त्याची कोंडी धरून दुपारपर्यंत परत फिरा.

१४. हातात किती उरतं, खरं सांगा.

दर एजन्सीगणिक बदलतात, म्हणून हिशोबाची रीत सांगतो. समजा केसला १२० रुपये मिळतात, पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी लिटरला ४५ किलोमीटर देते. वाशी–तुर्भे–सानपाड्यात आठ केसेस, ६० किलोमीटर: मिळकत ९६०, पेट्रोल १४०, टायर-ऑइल-सर्व्हिसिंगसाठी किलोमीटरला १ रुपया धरून ६०, पार्किंग आणि फोन ५५. उरले ७०५. बाहेरचे सात तास आणि रात्रीचं रिपोर्ट टायपिंग दीड तास धरलं तर तासाला सुमारे ८३ रुपये.

आता तीनच केसेस, एक घोडबंदरला, एक महापेला, एक खारघरला. मिळकत ३६०, धावणं ८० किलोमीटर, पेट्रोल १८७, झीज ८०. उरले ९३, तेही पार्किंगआधी, आणि दिवस गेला. दरासाठी घासाघीस करण्यापेक्षा पिनकोड ठरवून घ्या. ‘मला फक्त ४००७०३ आणि ४००७०५ द्या’ असं म्हणणाऱ्याला केसेस कमी मिळतील, पण पैसे उरतील.

१५. नोकरी सांभाळून जमेल का?

शनिवारी आणि सकाळी लवकर, काही प्रमाणात. अडचण टॅटची, म्हणजे रिपोर्ट देण्याच्या मुदतीची आहे. केस हातात आल्यापासून बहुधा २४ ते ४८ तासांत रिपोर्ट मागतात आणि ऑफिसेस तुमच्या ऑफिसच्याच वेळेत उघडी असतात. दुकानांच्या केसेस संध्याकाळी करता येतात, कंपन्यांच्या नाही. ट्रान्स-हार्बरने येणं-जाणं असेल तर घणसोली, कोपरखैरणे अशा वाटेवरच्या स्टेशनांजवळच्या केसेस दुचाकीशिवायही होतात.

१६. मालकाने चहा पाजला, निघताना पाचशेची नोट पुढे केली.

चहा प्या, नोट परत द्या, आणि त्याच दिवशी एजन्सीला कळवा. बँकेचं जोखीम नियंत्रण खातं काही केसेस नमुन्यादाखल पुन्हा तपासतं. तेव्हा तो मालकच ‘पैसे दिले होते’ म्हणतो.

१७. एजन्सीच सांगते, ‘महिनाअखेर आहे, फोनवर विचारून रिपोर्ट टाक’.

न जाता गेल्याचा रिपोर्ट देणं म्हणजे खोटा दस्तऐवज, आणि त्याखाली नाव तुमचं असतं, सुपरवायझरचं नाही. कर्ज बुडालं की पहिली फाइल पडताळणीचीच उघडते. ‘वेळेत शक्य नाही, केस परत घ्या’ असा लेखी मेसेज पाठवा. तसंच ‘जाताच आहात तर हप्त्याचंही विचारा’ म्हणाले तर नकार द्या. ते वसुलीचं काम झालं (प्रश्न २).

१८. केस ‘रिजेक्ट’ म्हणून पैसे कापले. काय करायचं?

स्वतःची वही असेल तरच काही करता येतं. केस क्रमांक, तारीख, वेळ, शेरा, पाठवल्याचा स्क्रीनशॉट एवढं रोज नोंदवा. महिन्याच्या यादीशी पहिल्या दोन दिवसांतच ताडा, बिल निघून गेल्यावर कोणी ऐकत नाही. कारण लेखी मागा. फोटो धूसर, शेजारचौकशी नाही, जिल्हा चुकला अशी कारणं असतील तर चूक तुमची. बँकेने अर्जच रद्द केला असेल तर भेट झालेली आहे आणि पैसे द्यायला हवेत. काम घेतानाच ही अट लिहून घ्या.

१९. टीडीएस, जीएसटी, विमा यांचं काय?

कंत्राटी काम म्हणून पैसे दिले तर व्यक्तीला १ टक्का टीडीएस, व्यावसायिक शुल्क म्हणून दिले तर १० टक्के. पॅन दिला नसेल तर २० टक्के. कापलेली रक्कम प्राप्तिकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसते, आणि विवरणपत्र भरलं तरच परत मिळते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवा.

दुचाकीच्या विम्यातलं मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं, दवाखान्याच्या बिलासाठी नाही. एजन्सी फ्रीलान्सरला सहसा काही देत नाही, तेव्हा आरोग्य विमा वेगळा घ्या.

२०. केस ओळखीच्याच माणसाची निघाली तर?

उघडून पाहिली असली तरी न जाता परत करा आणि कारणात ‘अर्जदार परिचित’ लिहा. त्या माणसाला त्याबद्दल काही सांगू नका. अर्जदार नव्हे तर दुकानाचा घरमालक तुमचा नातेवाईक असेल तर केस करता येते, पण ते नातं रिपोर्टात लिहा आणि शेजारचौकशीत त्यांना धरू नका.